माइक गप्प झाला तेव्हा

जळगावच्या उन्हात दुपारी मामांचा व्हिडिओ कॉल आला. धुळ्याहून ते ओरडताहेत, "तुना आवाज ई नही राहिना भो!" मी इकडे घसा ताणतोय. डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम, माइक पाच वर्षांचा.

आधी संशय धुळीवर. जॅक पुसला, मागच्या गुलाबी भोकात पुन्हा घातला. काही नाही. मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये इनपुट पाहिलं, तर तिथे नव्या वेबकॅमचा माइक निवडलेला! कॅमेरा लावला की असं होऊ शकतं, हे तेव्हा कुठे कळलं. जुना माइक निवडला, तरी आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलेना.

शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'अल्सामिक्सर' हा आवाजाच्या पातळ्या बदलायचा प्रोग्राम उघडला. एफ६ दाबून साउंड कार्ड निवडलं, एफ४ दाबून कॅप्चरच्या, म्हणजे आवाज आत घेण्याच्या पट्ट्या. मुख्य पट्टी शून्यावर, खाली 'कॅप्चर' ही अक्षरंच गायब. स्पेसबार दाबला, अक्षरं उमटली. वरच्या बाणाने पट्टी सत्तरपर्यंत नेली. शंभरवर नेली असती तर पंख्याची घरघरही धुळ्याला पोचली असती. रीस्टार्टनंतर बिघडू नये म्हणून 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' ही सेटिंग जतन करणारी आज्ञाही चालवली.

मामांना परत फोन लावला. म्हणाले, "आता वरडू नको."