गोमांसाच्या धडाची प्रत कशी ठरवावी: अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत गोमांसाच्या धडाकडे दोन निरनिराळ्या नजरांनी पाहिले जाते आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. मांस खाण्यास निर्धोक आहे की नाही, ही तपासणी कायद्याने सक्तीची आहे. प्रतवारी मात्र ऐच्छिक असून १९२७ साली सुरू झालेल्या या सेवेचे शुल्क मांस-प्रक्रिया कारखाना स्वतः भरतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे हे कौशल्य इथे वापरायचे नाही, पण मांसविज्ञान शिकायला तिकडे जाणाऱ्या पशुवैद्यक पदवीधराला ते पहिल्याच सत्रात लागू शकते.

धड पुरेसे थंड झाल्यावर त्याचा अर्धा भाग बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधून आडवा कापतात, म्हणजे पाठीचा लांब स्नायू, ज्याला तिथे ‘रिबआय’ म्हणतात, उघडा पडतो. धड नीट थंड झाले नसेल तर चरबी घट्ट होत नाही आणि स्नायूतील तिचे कण पुसट दिसतात. कापल्याबरोबर निर्णय देऊ नये; ताजा छेद जांभळट दिसतो आणि हवेतील ऑक्सिजन लागल्यावर साधारण दहा मिनिटांत त्याला खरा लाल रंग येतो.

यानंतर नजर स्नायूतील चरबीकडे ओढली जाते, पण आधी वय ठरवावे, कारण चरबीचे मोल वयावरून बदलते. पाठीच्या मणक्यांच्या टोकांवर कूर्चेच्या ‘गुंड्या’ असतात. कोवळ्या जनावरात त्या पांढऱ्या आणि मऊ असतात, तर वय वाढते तसे कूर्चेचे हाड होत जाते. हा बदल माकडहाडाकडून मानेच्या दिशेने सरकतो, त्यामुळे छातीच्या मणक्यांवरच्या गुंड्या सर्वांत शेवटी हाडात बदलतात आणि म्हणूनच त्या अधिक बोलक्या ठरतात. बरगड्याही पाहाव्यात: तरुण जनावराच्या बरगड्या गोलसर आणि लालसर, वयस्कर जनावराच्या रुंद, चपट्या आणि फिकट असतात. वयाचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच गट आहेत. ‘ए’ म्हणजे साधारण ९ ते ३० महिने. डिसेंबर २०१७ पासून दातांवरून ३० महिन्यांखालचे ठरलेले जनावरही सामान्यतः ‘ए’ गटात धरले जाते.

आता मार्बलिंग, म्हणजे स्नायूच्या आत विखुरलेले चरबीचे पांढरे कण. स्नायूबाहेरचा चरबीचा थर आणि दोन स्नायूंमधली पट्टी यांत मोजायची नाही. ही चूक सर्रास होते. ‘ए’ गटात ‘स्लाइटली अबंडंट’ किंवा त्याहून अधिक मार्बलिंगला प्राइम, ‘स्मॉल’ ते ‘मॉडरेट’ला चॉइस आणि ‘स्लाइट’ला सिलेक्ट श्रेणी मिळते, त्याखाली स्टँडर्ड. ‘बी’ गटात मात्र ‘स्मॉल’वर चॉइस मिळत नाही, किमान त्याच्या वरची पायरी ‘मॉडेस्ट’ लागते. या पायऱ्या शब्दांतून कळत नाहीत, त्यामुळे अधिकृत छायाचित्रे हाताशी ठेवूनच सराव करावा. अनेक मोठ्या कारखान्यांत आज कॅमेरेही हे मोजतात, तरी डोळा तयार असलेला बरा.

यील्ड ग्रेड हा स्वतंत्र हिशोब आहे: धडातून विकण्याजोगे मांस किती निघेल ते १ ते ५ या अंकांत सांगायचे, १ सर्वांत चांगला. सूत्र असे: २.५० मध्ये चरबीच्या थराच्या इंचांची २.५० पट, मूत्रपिंड, ओटीपोट आणि हृदय यांभोवतीच्या चरबीच्या टक्क्यांची ०.२० पट आणि गरम धडाच्या पौंडांतील वजनाची ०.००३८ पट मिळवावी, आणि रिबआयच्या चौरस इंचांची ०.३२ पट वजा करावी. चरबीचा थर मणक्याच्या टोकापासून रिबआयच्या तीन-चतुर्थांश लांबीवर मोजतात. समजा थर ०.६ इंच, आतली चरबी २.५ टक्के, वजन ९०० पौंड आणि रिबआय १३ चौरस इंच आहे; उत्तर ३.७६ येते. इथे पूर्णांकन करायचे नाही, अपूर्णांक सोडून द्यायचा, म्हणजे ग्रेड ४ नव्हे, ३. चरबी एका हिशोबात गुण मिळवून देते आणि दुसऱ्यात गुण घालवते, हे पशुपालकाचे जुने दुखणे इथे आकड्यांत दिसते.

शेवटी रंग. छेद दहा मिनिटांनंतरही काळपट आणि चिकट राहिला, तर जनावर कत्तलीपूर्वी दीर्घकाळ ताणाखाली होते असा संशय घ्यावा: स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आधीच संपल्यामुळे पुरेसे लॅक्टिक आम्ल तयार होत नाही आणि सामू (पीएच) नेहमीच्या ५.५ च्या आसपास उतरण्याऐवजी चढाच राहतो. अशा धडाची श्रेणी काळेपणाच्या प्रमाणात, जास्तीत जास्त एका पूर्ण पायरीने, खाली आणता येते.