रात्री दाढ ठणकली तर कुठे जायचे? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

शनिवारी रात्री नऊला टिळकवाडीतल्या दवाखान्यांची शटर खाली येतात आणि साडेनऊला दाढ ठणकायला लागते. रविवारी बहुतेक दातांचे दवाखाने बंदच. दिवसभर नुसती कुरकुरणारी दाढ रात्रीच का उठते, यालाही कारण आहे. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो. सुजलेल्या नसेला दाताच्या कडक कवचात फुगायला जागा नसते, मग प्रत्येक ठोक्याला कळ मारते.

अशा वेळी आपल्याकडे पहिला फोन ओळखीच्या डॉक्टरला जातो. तो उचलला गेला तर उत्तमच. पण फोन लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: हे दुखणे दातांच्या डॉक्टरचे आहे की मोठ्या हॉस्पिटलचे? यातच चुकून माणसे निम्मी रात्र घालवतात.

आधी आरशासमोर उभे राहा, किंवा घरच्यांना बघायला सांगा

गालावरची सूज डोळ्यापर्यंत चढली आहे किंवा हनुवटीखाली, मानेत उतरली आहे का? थुंकी गिळता येत नाही, तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, जीभ वर ढकलल्यासारखी वाटते, आवाज घोगरा झाला, थंडी वाजून ताप आला? यातले काहीही असेल तर दातांचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जा. खालच्या दाढेतला पू जिभेखालच्या जागेत उतरला की श्वासाची वाट आवळत जाते. डॉक्टर त्याला लुडविग अँजायना म्हणतात. त्याला शिरेतून औषध लागते, कधी कापून पू काढावा लागतो, आणि ते रात्रीच करावे लागते. मधुमेह असलेल्यांनी तर थोड्या सुजेलाही हलके घेऊ नये.

अपघातात जबडा हलला, दातांची बैठक बदलली, डोक्याला मार लागला, किंवा जांभई देताना जबडा निखळून तोंड मिटेना, तरीही वाट कॅज्युअल्टीचीच.

आणि एक फसवे दुखणे. डाव्या बाजूचा खालचा जबडा दुखतोय, नेमका दात सांगता येत नाही, घाम फुटलाय, छातीत जड वाटतेय किंवा जिना चढताना कळ वाढते. ही दाढ नसून हृदय असू शकते. लवंग शोधू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

कुठे जायचे

बेळगाव शहरात चोवीस तास कॅज्युअल्टी असलेली दोन मोठी ठिकाणे सगळ्यांना माहीत आहेत. एक सरकारी, म्हणजे ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो ते बिम्सचे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे, जिल्हा रुग्णालय. दुसरे नेहरूनगरातले केएलईचे प्रभाकर कोरे हॉस्पिटल. त्याच परिसरात केएलईचे दंत महाविद्यालयही आहे. मराठा मंडळाचे हलगेकर दंत महाविद्यालयही शहरातच. मात्र दंत महाविद्यालयांची ओपीडी दिवसाची असते. रात्री त्यांच्या गेटवर न जाता हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि तोंड-जबड्याचा सर्जन ऑन-कॉल आहे का, असे स्पष्ट विचारा. विचारले नाही तर वेदनेचे इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. त्यांचीही चूक नाही, रात्रीच्या ड्यूटीवरचा डॉक्टर दातांचा नसतो.

खानापूरकरांना बेळगाव पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पण जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूच्या जंगलातल्या गावांना रात्री बस नाही आणि मोबाइलची रेंजही धड नाही. तिथे दाढ दुपारपासून दुखत असेल तर शेवटची बस असतानाच निघावे. सूज नसेल तर रात्री तळमळत गाडी शोधण्यापेक्षा खाली दिलेले उपाय करून पहाटे निघणे बरे.

निपाणीचा प्रश्न वेगळा. बेळगाव पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास. अंगात ताप, गळ्यापर्यंत सूज असताना जिल्ह्याचे ठिकाण म्हणून दक्षिणेकडे कशाला धावायचे? हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडा आणि कोल्हापूरचे सीपीआर, म्हणजे तिथले मोठे सरकारी रुग्णालय, गाठा. कागवाडकरांना मिरज हाताशी आहे, तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दिवसा जायचे असेल तर सांगलीला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालयही आहे. सीमेचा वाद सत्तर वर्षे चालू दे, पू थांबत नाही.

१०८ कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत चालतो. पण हद्दीवरच्या गावात मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला तर फोन पलीकडच्या राज्यात लागू शकतो. म्हणून फोन लागताच आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा, दुखणे नंतर. तासभर रुग्णवाहिका येणार नसेल आणि माणूस बसू शकत असेल तर गल्लीतली गाडी काढा. पलीकडून कन्नड आले तर गांगरू नका, हिंदीत बोला. तीन शब्द लक्षात असले तरी पुरतात: ‘हल्लु नोवु’ म्हणजे दातदुखी, ‘बावु’ म्हणजे सूज, आणि रक्त दोन्ही भाषांत रक्तच.

दात पडला, तर घड्याळ बघा

क्रिकेटचा बॉल, मोटारसायकल, गल्लीतला दगड, कशानेही मोठ्या माणसाचा किंवा सहा-सात वर्षांवरच्या मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो परत बसवता येतो. पण अर्ध्या तासात बसला तर आशा चांगली, तासानंतर ती झपाट्याने कमी होते.

दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने दहा सेकंद धुवा. घासायचा नाही, साबण नाही, रुमालाने पुसायचा नाही. जमत असेल तर लगेच खाचेत बसवून स्वच्छ कापड चावून धरा. जमत नसेल तर थंड दुधात टाका. शहरात असो की येळ्ळूरला, दुधाची पिशवी मिळतेच. नुसत्या पाण्यात ठेवू नका, मुळावरच्या पेशी त्यात फुटून मरतात. दुधाचा दात मात्र कधीच परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या दाताला धक्का लागतो.

यासाठी रात्री अकरालाही दातांच्या डॉक्टरला फोन करायला लाजू नका. नुसत्या ठणक्यासाठी त्याला उठवणे वेगळे आणि यासाठी उठवणे वेगळे.

दाढ काढली आणि रक्त थांबेना

आमच्या घरी हे घडले आहे. वडिलांची दाढ संध्याकाळी काढली आणि रात्री दहाला बेसिन लालभडक. दर पाच मिनिटांनी ते कापूस काढून आरशात बघायचे, चूळ भरायचे, पुन्हा रक्त. शेवटी रिक्षा करून कॅज्युअल्टीत गेलो. तिथल्या सिस्टरने गॉझची जाड घडी केली, नेमकी खाचेवर ठेवली, चावायला सांगितले आणि म्हणाली, अर्धा तास तोंड उघडायचे नाही. एवढ्यावर थांबले.

घरी तेच करा. गॉझ नसेल तर स्वच्छ सुती कापडाची ओली घडी किंवा भिजवून पिळलेली चहाची बॅग. पूर्ण अर्धा तास, मध्ये डोकवायचे नाही. पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणे नाही, गरम चहा नाही, विडी-तंबाखू नाही. लाळेत मिसळून थोडे रक्तही भरपूर दिसते. पण दोनदा अर्धा-अर्धा तास दाबूनही खळखळ येत असेल, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर निघा. ती गोळी मनाने बंद करायची नाही.

नुसताच ठणका असेल, तर सकाळपर्यंत

कोमट पाण्यात मीठ घालून हळू चूळ भरा, दातात अडकलेले धाग्याने काढा. गालावर बाहेरून बर्फाचा रुमाल, दहा मिनिटे ठेवून दहा मिनिटे बाजूला. गरम शेक नको, सूज वाढते. दोन उशा घेऊन झोपा. लवंगतेल कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, तेही किडलेल्या खड्ड्यातच, हिरडीला लागले तर भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारेही बरेच, त्यांना सकाळी दाढेसोबत पांढरी जखमही दाखवावी लागते.

निपाणी पट्ट्यात दाढेत तंबाखू किंवा मिश्री भरायची जुनी सवय. त्याने जरा बधिर वाटते, एवढेच. आत कीड तशीच आणि वर हिरडी सोलते.

गोळी घ्यायची तर प्रौढांनी पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅमच्या एक किंवा दोन, सहा तासांच्या अंतराने, दिवसात आठच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास किंवा रोजचे दारूचे व्यसन असेल तर डॉक्टरला विचारूनच. आयब्युप्रोफेन ४०० दातदुखीवर चांगली चालते, पण पोटात काही घालून. अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करायची गोळी, किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर नकोच. कॉम्बिफ्लाममध्ये ही दोन्ही औषधे आधीच असतात, वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर ती हिशेबात धरा. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो.

मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मागून आणू नका. नस सुजली असेल तर त्याने दुखणे थांबत नाही. तिथे दात उघडून नस काढणे किंवा दात काढणे हेच औषध. कॅप निघाली असेल तर ती डबीत जपून ठेवा, फेविक्विकने चिकटवू नका. तुटलेल्या दाताची धार जिभेला लागत असेल तर बिनसाखरेचे च्युइंगम दाबून बसवा.

सकाळी ठणका आपोआप गेला तरी दवाखान्यात जायचेच. नस मेली की दुखणे थांबते आणि पू मुळाशी शांतपणे साठत राहतो. दंत महाविद्यालयात जाणार असाल तर ओपीडी उघडताच रांगेत लागा, आधार कार्ड, रात्रीचा कॅज्युअल्टीचा कागद आणि चालू गोळ्यांची पाने सोबत घ्या. निघण्यापूर्वी खाऊन घ्या, रिकाम्या पोटी भूल दिली की खुर्चीत चक्कर येते.