जुन्या एमजीबीत रोव्हरचं व्ही-8 इंजिन कसं बसवावं

एमजीबी ही 1962 ते 1980 या काळात इंग्लंडात बनलेली स्पोर्ट्स कार. तिच्यात मुळात 1798 सीसीचं, चार सिलिंडरचं बिडाचं इंजिन असतं. ते काढून रोव्हर कंपनीचं 3528 सीसीचं व्ही-8 (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन) बसवण्याची रीत तिथे आजही जोरात आहे, आणि त्याचं खरं कारण वजन. या व्ही-8 चा ब्लॉक आणि हेड्स अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. सिलिंडर दुप्पट होऊनही वजन जुन्या इंजिनाच्या आसपासच राहतं, त्यामुळे गाडीचं नाक जड होत नाही आणि वळणावरची तिची मजा टिकते. नुसत्या हॉर्सपॉवरकडे बघून जड इंजिन घातलं तर स्पोर्ट्स कार सरळ रस्त्यापुरतीच उरते.

कंपनीनेही 1973 ते 1976 मध्ये 137 हॉर्सपॉवरच्या 2591 एमजीबी जीटी व्ही-8 बनवल्या. म्हणजे मापं ठरलेली आहेत, फक्त ती पाळायची. गाडी अजून घ्यायची असेल तर 1974 च्या अखेरीनंतरची, काळ्या रबरी बंपरची घ्या. तिच्या बॉडीत व्ही-8 साठी जागा आधीच केलेली असते. आधीच्या गाड्यांत इंजिन फाउंडेशनचे ब्रॅकेट नवे वेल्ड करावे लागतात आणि आतल्या पत्र्याला हात लावावा लागतो.

इंजिन सर्वांत शेवटी

आधी दरवाजांखालचे सिल ठोकून बघा. गंजलेल्या बॉडीवर हा खर्च करू नका. मग ब्रेक: पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर. मग मागचा अ‍ॅक्सल. मूळ 3.9 च्या रेशोवर (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या 3.9 फेऱ्या) पहिला गिअर टाकेपर्यंत संपतो. कंपनीने व्ही-8 ला 3.07 दिला होता, तोच घ्या. रोव्हर एसडी1 या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स चांगला जुळतो, पण तो मोठा असल्याने गिअरबॉक्स झाकणारा मधला बोगदा रुंद करावा लागतो. प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्या.

कोरी जुळणी

आता फक्त जागा तपासण्यासाठी रिकामा ब्लॉक, हेड्स आणि गिअरबॉक्स जोडून चेनपुलीने आत सोडा. या कामाला घाई अजिबात चालत नाही. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्ट उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना) अगदी खेटून जातो. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं, त्यामुळे थंड आणि स्थिर असताना पुरेशी वाटणारी जागा रेस दिल्यावर कमी पडते. ब्लॉकला चिकटून उतरणारे मॅनिफोल्ड घ्या, नाहीतर 1992 च्या एमजी आरव्ही8 सारखे आतल्या पत्र्यातून बाहेर काढा. दुसऱ्या पद्धतीत पत्रा कापावा लागतो, पण बॉनेटखालची उष्णता बरीच कमी होते. मी तीच निवडीन.

वर बॉनेटचा प्रश्न येतो: इंजिनावरचे कार्ब्युरेटर त्याला अडतात. कंपनीने दोन एसयू कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या टोकाला नेऊन तो सोडवला. केन कॉस्टेलो यांनी कंपनीच्याही आधी अशा गाड्या बनवल्या, तेव्हा बॉनेटला फायबरग्लासचा फुगवटा दिला होता.

रेडिएटर पुढे सरकवा आणि थर्मोस्टॅटिक स्विचवर चालणारे दोन इलेक्ट्रिक पंखे लावा. इथे पैसे वाचवले तर गाडी पहिल्याच ट्रॅफिकमध्ये तापेल.

पहिला स्टार्ट

या इंजिनाचा ऑइल पंप पुढच्या कव्हरमध्ये असतो आणि कोरडा असेल तर तो ऑइल ओढत नाही. पंपाच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली ठासून भरा. ग्रीस नको, जेली ऑइलमध्ये विरघळते. मग स्पार्क प्लग काढून गेजवर प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा. प्रेशर आल्याशिवाय प्लग लावू नका.

फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. डाव्या बाजूला 1, 3, 5, 7; उजव्या बाजूला 2, 4, 6, 8. पाच आणि सात हे शेजारी असून लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या प्लग-वायरी एकमेकींपासून लांब ठेवा. समांतर चिकटून गेल्या तर एकीतला करंट दुसरीत उतरतो आणि इंजिन अडखळतं. कॅमशाफ्ट नवा असेल तर सुरू होताच आयडलवर न सोडता सुमारे 2000 आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवा, टेम्परेचरवर नजर ठेवून.

ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्याचं डीव्हीएलएला (वाहन नोंदणीच्या सरकारी संस्थेला) आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. भारतात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो, तेव्हा इथल्या कुठल्याही जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं तर पाना उचलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.

पहिले काहीशे किलोमीटर झाले की फाउंडेशन, मॅनिफोल्ड आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि स्टिअरिंगच्या शाफ्टवर कुठे घासल्याची चमक दिसते का ते टॉर्च लावून बघा.