गॅस गिझर बसवताना या चुका टाळा

गोव्यातल्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूला असायची. चुलीवर पाण्याचं भाण, वर कौलं आणि कौलांच्या फटींतून धूर आपोआप बाहेर. त्याच जागेवर आता स्लॅबचं बाथरूम उभं राहिलंय. दार घट्ट बसतं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून खिडकीला सरकत्या काचा असतात आणि आतल्या भिंतीवर गॅस गिझर टांगलेला असतो. जाळ अजून तिथेच आहे, पण धूर जाणार कुठून याचा विचार घर बांधताना कुणी केलेला नसतो.

गिझर बाथरूमच्या आत लावणं ही सगळ्यात मोठी चूक. हिशेब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच सहा घनमीटरच्या आसपास असते. १५ मिनिटांच्या आंघोळीत त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त हवा जाळातून जाते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसचा उग्र वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो, ते गॅसबरोबर जळून जातं. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा समज घातक आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि कडी काढायचीही ताकद उरत नाही.

‘खिडकी आहे ना, चालेल’ असं बसवायला आलेला माणूस म्हणाला तरी ऐकू नका. जुलैच्या झडीत ती खिडकी बंदच असते. शिवाय घरातले चौघे ओळीने आंघोळीला जातात, तेव्हा आधीच्यांचा साठलेला वायू शेवटच्याच्या वाट्याला येतो. बऱ्याच गिझरमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बंद पडला की लगेच पुन्हा चालू करण्याची सवय सोडा.

गिझर बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली किंवा उघड्या पडवीत लावा आणि गरम पाणी नळीने आत घ्या. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूची भिंत टाळा. वर पत्र्याची झापड चालेल. पण गिझर गंजू नये म्हणून भोवती अ‍ॅल्युमिनियमचं बंद कपाट करतात, ते करू नका. त्याने गिझरचा श्वासच कोंडतो.

फ्लॅटमध्ये बाहेरची भिंत मिळत नसेल तर धुराच्या नळीचं मॉडेल घ्या. नळी धातूचीच हवी, पीव्हीसीची नको. गिझरच्या तोंडाला जेवढा व्यास आहे तेवढाच शेवटपर्यंत ठेवा. नळी आधी सरळ वर न्या, मग वळवा. आडवा भाग आखूड आणि बाहेरच्या दिशेने चढता असू द्या, वळणं कमीत कमी ठेवा. टोकाला पाऊस अडवणारी टोपी लावा आणि ते टोक कुणाच्याही खिडकीखाली येऊ देऊ नका. पावसाळा संपला की नळीत पक्ष्याने घरटं केलंय का ते बघून घ्या.

आणखी एक चूक लक्षात येत नाही, ती एक्झॉस्ट फॅनची. दार-खिडकी बंद आणि पंखा चालू असेल तर तो नळीतूनच हवा ओढतो, म्हणजे बाहेर चाललेला धूर परत आत येतो. स्वयंपाकघरातली चिमणीही हेच करते. ताजी हवा आत यायला कायमची उघडी जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्यातली एक जाळी जमिनीलगत ठेवा.

गॅसच्या बाजूने सांगायचं तर शेगडीच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून खिडकीतून लांबलचक रबरी नळी नेऊ नका. उंदीर ती कुरतडतात. अधिकृत मेकॅनिककडून तांब्याची पक्की लाइन आणि गिझरजवळ वेगळा व्हॉल्व्ह करून घ्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीच नाही.

गिझर पेटत नसेल तर आधी सेल बदलून बघा. दमट हवेत सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो, तो पुसून काढा. टाकी जेमतेम नळाच्या वर असेल तर पाण्याला दाबच नसतो, त्यानेही गिझर पेटत नाही. ज्वाळा पिवळी दिसली किंवा पेटताना ‘भक्क’ आवाज झाला तर मात्र वापर थांबवा. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा बर्नर खाते, तिथे दरवर्षी झाकण उघडून सफाई करून घ्या. वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी दिसली तर गॅस अर्धवट जळतोय असं समजा.

गॅसगळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र घ्यावं लागतं. हाकेला आतून उत्तर आलं नाही तर वाट पाहू नका, दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. गॅसगळती असेल तर १९०६. दवाखान्यात ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९८-९९ दाखवू शकतो.