सायकलवर कानात घोंगावणारा वारा

सायकल जरा वेगात आली की कानात सूं-सूं सुरू होतं आणि मागून येणारी गाडी अगदी जवळ आल्याशिवाय कळत नाही. हा आवाज मुळात कानापाशीच तयार होतो. गालावरून सरकणारी हवा कानाच्या पाळीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यांवर आपटून भोवरे घेते, आणि तेच भोवरे आपल्याला ऐकू येतात. मान थोडी वळवून बघा, आवाज लगेच बदलतो.

म्हणून उपाय कानाच्या पुढे हवा. हेल्मेटची जी पट्टी कानासमोरून खाली येते, तिच्यावर लव असलेल्या मऊ कापडाची, म्हणजे फ्लीसची, बोटभर रुंद नळी चढवा. जुन्या स्वेटशर्टची बाही कापली तरी चालते; लवेची बाजू बाहेर ठेवा. लवेतून जाताना हवेचा जोर मोडतो. नळी कानाला जवळजवळ टेकलेली, पण कानाच्या भोकावर न येणारी असावी. त्याआधी पट्टीचा पीळ काढून ती गालालगत सपाट बसवा. सैल पट्टी फडफडली तर नळीचाही उपयोग नाही.

थंडीत कानावरून पातळ हेडबँड चालतो, उन्हाळ्यात तो नकोसा होतो. कानात बोळे किंवा इअरफोन मात्र रहदारीत नकोच. वाऱ्याबरोबर हॉर्नही दबतो.

समोरून १५ किमीचा वारा असताना तुम्ही २० च्या वेगाने गेलात, तर कानाला ३५ चा वारा लागतो. तिथे नळीनेही आवाज पूर्ण जाणार नाही, कमी होईल इतकंच.