सैनिक, वकील, गव्हर्नर: जॉन सलिव्हनची चरित्रनोंद कशी तयार करावी

मराठी विश्वकोश किंवा विकिपीडियासाठी अमेरिकन क्रांतीच्या काळातल्या माणसाची नोंद लिहायला बसले की तारखा आणि पदे यांचाच गोंधळ आधी होतो. न्यू हॅम्पशरचा जॉन सलिव्हन हे त्याचे उत्तम उदाहरण. हा डरहॅमचा वकील, कॉन्टिनेन्टल आर्मीतला (ब्रिटनशी लढणाऱ्या वसाहतींच्या एकत्र फौजेतला) मेजर जनरल, राज्याचा प्रमुख आणि शेवटी संघीय न्यायाधीश. प्रत्येक भूमिकेची कागदपत्रे वेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांची विश्वासार्हताही सारखी नाही.

एकही वाक्य लिहिण्यापूर्वी तक्ता करा. चार रकाने पुरतात: तारीख, पद, ते पद कोणी दिले, आणि पुरावा कोणता. तिसरा रकाना टाळू नका. ब्रिगेडियर जनरल (जून १७७५) आणि मेजर जनरल (ऑगस्ट १७७६) ही पदे कॉन्टिनेन्टल काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या संयुक्त सभेने, दिलेली आहेत. पण त्याआधीचे त्याचे मेजरपद वसाहतीच्या मिलिशियातले (स्थानिक नागरिकांच्या फौजेतले), म्हणजे ब्रिटनच्या राजाच्या अधिकाराखालचे. तेच पद हातात असताना डिसेंबर १७७४ मध्ये त्याने फोर्ट विल्यम अँड मेरी या ब्रिटिश किल्ल्यावरच्या छाप्यात भाग घेतला. पहिल्या दिवशी पोर्ट्समथचा व्यापारी जॉन लँग्डन याच्या लोकांनी बंदुकीची दारू पळवली, दुसऱ्या दिवशी सलिव्हनच्या लोकांनी बंदुका आणि हलक्या तोफा. क्रांतियुद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची चकमक यानंतर चार महिन्यांनी झाली. तक्त्यात नुसते ‘मेजर’ लिहिले तर हा पेच दिसतच नाही.

तारखांची पहिली अडचण कॅलेंडरची. ब्रिटिश वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात कॅलेंडरमधले ११ दिवस गाळले गेले. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२, तो याचमुळे. सलिव्हनची जन्मतारीख १७ फेब्रुवारी १७४० अशी दिली जाते, म्हणजे ती नेमकी या अडचणीच्या पट्ट्यात येते. जुन्या कागदावर १७३९ किंवा १७३९/४० दिसले तर ती चूक समजू नका, आणि स्वतःच्या मनाने ११ दिवस मिळवूही नका.

लष्करी भागासाठी अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या सूक्ष्मफिती आहेत. सेवानोंदींसाठी एम ८८१, हजेरीपटांसाठी एम २४६, पेन्शन आणि जमिनीच्या अर्जांसाठी एम ८०४. नवखा अभ्यासक सर्वांत आधी एम ८०४ उघडतो, कारण त्यात साध्या सैनिकांच्या हकिगती भरपूर असतात. सलिव्हनच्या बाबतीत तिथे वेळ घालवू नका. पेन्शनचे मोठे कायदे १८१८ आणि १८३२ चे, आणि तो जानेवारी १७९५ मध्येच वारला. शिवाय नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून सुरुवातीचे बरेच दप्तर जळाले. तेव्हा कागद सापडला नाही म्हणून ‘सेवा केली नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

जनरलचा माग हजेरीपटापेक्षा पत्रव्यवहारात जास्त लागतो. वॉशिंग्टनशी झालेली पत्रे ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि न्यू हॅम्पशर हिस्टॉरिकल सोसायटीने सलिव्हनचे कागद तीन खंडांत छापलेले आहेत. वाचताना दोन संक्षेप सांभाळा: ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना. सप्टेंबरच्या पत्रातला ‘२७ अल्ट.’ हा २७ ऑगस्ट असतो. त्या काळच्या छापील मजकुरातला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचतो, त्यामुळे मूळ छपाईत शोध घेताना शब्दाची दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

ही पत्रे वाचताना तो वकील होता हे विसरू नये. पोर्ट्समथला सॅम्युअल लिव्हरमोरच्या हाताखाली तो कायदा शिकला; तेव्हा वकिलीचा हाच रस्ता होता. डरहॅममध्ये त्याच्या वकिलीविरुद्ध लोकांनी १७६६ मध्ये विधिमंडळाकडे अर्ज केला, आरोप पिळवणुकीचा होता. नंतर स्टेटन आयलंडवरचा फसलेला छापा आणि ब्रँडीवाइनची लढाई (११ सप्टेंबर १७७७) यांवरून टीका झाली, तेव्हा त्याने लिहिलेली पत्रे म्हणजे बचावाचे लांबलचक युक्तिवादच आहेत. स्टेटन आयलंड प्रकरणी चौकशी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. ब्रँडीवाइनला उजवी बाजू त्याच्याकडे होती आणि शत्रूच्या हालचालीबद्दल उलटसुलट बातम्या येत होत्या. इथे त्याचे पत्र, वॉशिंग्टनचे पत्र आणि काँग्रेसची नोंद अशी तिन्ही शेजारी ठेवूनच वाक्य लिहावे.

१७७९ च्या मोहिमेसाठी नोंदीत सर्वांत जास्त जागा राखा. इरोक्वॉय या मूळ अमेरिकन लोकांच्या मुलखावरची ही स्वारी. वस्त्यांचा पूर्ण विध्वंस करावा, असा वॉशिंग्टनचा ३१ मे १७७९ चा लेखी आदेश आहे. न्यूटाउनची लढाई २९ ऑगस्टला झाली. पण खरे नुकसान लढाईत झाले नाही, ते घरे आणि उभी पिके जाळल्याने झाले. सलिव्हनच्या अहवालात ४० गावे आणि १,६०,००० बुशेल मका असा हिशेब येतो. हा आकडा ‘त्याच्या अहवालानुसार’ असाच द्यावा, आणि त्याचे किलो करू नयेत. बुशेल हे आपल्या पायलीसारखे मापाचे एकक आहे, वजनाचे नाही. मका कणसात मोजला की दाण्यात, यावर वजन पार बदलते. बरोबरच्या अधिकाऱ्यांच्या रोजनिशा न्यूयॉर्क राज्याने १८८७ मध्ये छापल्या. त्यांतून गावनिहाय ताळा घेता येतो. हजारो निर्वासित फोर्ट नायगरा या ब्रिटिश किल्ल्याच्या आसऱ्याला गेले आणि पुढचा हिवाळा भयंकर कडक होता. हे लिहिले नाही तर मोहिमेची नोंद अर्धीच राहते.

आता राज्यप्रमुखपद. तो १७८६–८८ आणि १७८९–९० असा या पदावर होता, पण पदाचे नाव तेव्हा ‘प्रेसिडेंट ऑफ न्यू हॅम्पशर’ होते. ‘गव्हर्नर’ हे नाव १७९२ च्या सुधारित राज्यघटनेने आले. जुन्या कागदांत ‘गव्हर्नर सलिव्हन’ शोधाल तर अनेकदा त्याचा भाऊ जेम्स हाती लागेल. तोही वकीलच, आणि १८०७–०८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. वडिलांचे नावही जॉनच. दुसरा सापळा १७८८ चा आहे. संघराज्याची घटना मंजूर करणाऱ्या परिषदेचा अध्यक्ष सलिव्हन होता. २१ जूनला ५७ विरुद्ध ४७ मतांनी न्यू हॅम्पशर मंजुरी देणारे नववे राज्य ठरले. पण त्या दिवशी राज्याचा प्रेसिडेंट लँग्डन होता. दोन ‘प्रेसिडेंट’ एक समजून केलेल्या नोंदी सर्रास दिसतात.

राज्याच्या प्रेसिडेंटपदाची मुदत एक वर्षाची, त्यामुळे दरवर्षीची निवड स्वतंत्र तपासा. कोणालाच बहुमत नसेल तर विधिमंडळ निवड करी. १७८७ नंतरच्या मतांचे आकडे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या निवडणूक संग्रहात मिळतात. सप्टेंबर १७८९ मध्ये वॉशिंग्टनने त्याला संघीय जिल्हा न्यायाधीश नेमले तेव्हा तो राज्याचा प्रमुखही होता. पदांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर त्या जुळवून ‘नीट’ करू नका.

पैशांचा उल्लेख आला तर राज्य पाहा. सहा शिलिंगांचा स्पॅनिश डॉलर हा न्यू इंग्लंडचा हिशेब. न्यूयॉर्कमध्ये तोच आठ शिलिंगांचा. सप्टेंबर १७८६ मध्ये कागदी चलनाच्या मागणीसाठी जमावाने एक्झिटरला विधिमंडळ घेरले आणि सलिव्हनने मिलिशिया बोलावली. या प्रसंगी कर्जाच्या रकमा येतात, त्या कोणत्या चलनातल्या हे दर आकड्यापुढे लिहावे.