डच मनीचा सिनेमा, घरच्या आवाजात : 'मिनूस'चं लाइव्ह मराठी डबिंग कसं करायचं

सहा-सात वर्षांच्या पोरांना सबटायटलवाला सिनेमा दाखवायचा म्हणजे डोक्याला ताप, दोन ओळी वाचेपर्यंत तिसरी निघून जाते आणि मग "काय म्हणाली ती?" सुरू होतं. म्हणून 'मिनूस' मराठीत मिळत नसला तरी सोडून देऊ नका, आवाज आपणच द्यायचा. नेदरलँड्समधले लोक एरवी परदेशी सिनेमे आरामात सबटायटलनी बघतात पण लहान मुलांचे सिनेमे मात्र डब करतात, म्हणजे त्यांनाही हे कळलेलंय की छोट्यांना वाचायला लावण्यात अर्थ नाही.

आधी सिनेमा काय आहे ते थोडक्यात. २००१ चा डच सिनेमा, दिग्दर्शक विन्सेंट बाल, आणि मूळ पुस्तक अ‍ॅनी एम. जी. श्मिट यांचं १९७० सालचं. डच घरांत या बाईंची पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वाचली जातात, १९८८ साली त्यांना बालसाहित्यातला मोठा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारही मिळाला. गोष्ट अशी की मिनूस नावाची मांजर एका केमिकल भानगडीत बाई होऊन बसते, पण सवयी सगळ्या मांजराच्याच. कुत्रं दिसलं की झाडावर, झोपायला पुठ्ठ्याचं खोकं, माशाचा वास आला की भान हरपणार. दुसरीकडे तिब्बे नावाचा लाजाळू पत्रकार, माणसांशी बोलायची भीती आणि लिहिणार फक्त मांजरांवर, त्यामुळे नोकरी जायची वेळ आलेली. मिनूस त्याला गावातल्या मांजरांकडून बातम्या आणून देते आणि मग गावातला प्रतिष्ठित, सगळ्यांचा लाडका, प्राणीप्रेमी म्हणून मिरवणारा फॅक्टरीवाला एलमेट खरा कसा आहे ते बाहेर यायला लागतं. लांबी दीड तासाच्या आत आहे म्हणून तर हे डबिंग जमतं, तीन तासांचा सिनेमा असता तर घसा बसला असता.

शोधताना एक लक्षात ठेवा, इंग्लिशमध्ये हा 'मिस मिनूस' आणि 'अंडरकव्हर किटी' अशा दोन नावांनी फिरलाय, एका नावानं नाही मिळाला तर दुसऱ्यानं बघा. युरोपातून डीव्हीडी मागवणार असाल तर ती रीजन २ ची (म्हणजे तिकडच्या प्लेअरसाठी बनवलेली) असते आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे सगळे रीजन चालणारा प्लेअर आहे का बघून मगच पैसे घाला. आणि तुम्ही तिकडेच, म्हणजे नेदरलँड्समध्ये आइंडहोवन-अ‍ॅमस्टेलवेनकडे राहत असाल तर प्रश्नच नाही, १८ वर्षांखालच्या मुलांना तिथे लायब्ररीची मेंबरशिप फुकट असते, पुस्तक तिथूनच आणा. तिथल्या शाळेत जाणारी पोरं तर तुम्हालाच डच शिकवतील, पण घरी आजी-आजोबा आलेले असतील तर हे डबिंग त्यांच्यासाठी करा, आणि या वेळी पोरांनाच बोलू द्या, उलटं काम.

आता तयारी. आधी एकट्यानं इंग्लिश सबटायटल लावून पूर्ण बघून घ्या, हे टाळू नका, कारण गोष्ट माहीत नसताना लाइव्ह बोलायला गेलात तर तुम्हीच सिनेमा बघत बसाल आणि पोरं तुमच्या तोंडाकडे. बघताना एक कागद घ्या आणि प्रत्येक सीनसाठी फक्त एक ओळ लिहा, या सीनमध्ये पोराला काय कळलंच पाहिजे ते. संवाद उतरवायचे नाहीत. मिनूस झाडावरून खाली येत नाही हे दिसतंच, ते कशाला सांगायचं? पण संपादक तिब्बेला "आता खरी बातमी आण नाहीतर घरी जा" असं सुनावतो, ते नाही कळलं तर पुढचं सगळं हवेत जातं. माझ्या मते अर्ध्याहून जास्त संवाद सोडून दिले तरी काही बिघडत नाही.

आवाज म्यूट करू नका, फक्त कमी करा. कारिस फान हाउटन (हीच ती, जी पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये लाल झग्यातली मेलिसांद्र झाली) मिनूसच्या रोलमध्ये मांजरासारखं जे गुरगुरते, मान वळवते, अंग घासते ते ऐकायला-बघायलाच मजा आहे, त्यावर बोललात तर वाटोळं. नियम एकच, ती शब्द बोलत असेल तर तुम्ही बोला, ती मांजर झाली की तुम्ही गप्प.

बोलताना "तो म्हणतोय की" असं करू नका, सरळ त्या पात्रात शिरा. तिब्बे अडखळत बोलणारा, वाक्य पूर्ण न करणारा. एलमेट गोड, हळू, भाषण देणाऱ्या अध्यक्षांसारखा, त्याला अजिबात व्हिलनचा आवाज देऊ नका हं, कारण गावाला तो भला माणूस वाटतो हीच तर गोष्टीची गंमत आहे आणि तुम्ही पहिल्याच सीनला खर्ज लावलात तर सगळं फुकट. फक्त जिथे पाच जण एकदम बोलतात तिथे नॅरेटर व्हा आणि एका वाक्यात उरका.

खरी धमाल मांजरांची. खरी मांजरं वापरलीत आणि ती बोलतात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळी बोली द्या. याकेपूस ही भटकी, कळकट, पोटुशी मांजर, कुणाच्या बापाला न घाबरणारी, तिला मंडईतल्या मावशीचा आवाज एकदम फिट बसतो, "ए सरक, माजं जेवन हाय ते!" आणि मोर्त्ये मावशी म्हणजे मिनूसची मावशी, जिला भाचीनं माणूस होणं बिलकुल पसंत नाही, ती सदाशिव पेठेतली, "आमच्या घराण्यात असलं काही झालं नव्हतं हो" अशी. पोरं दुसऱ्याच सीनला आवाज ओळखायला लागतात. तुम्ही दोघं असाल तर एकानं माणसं घ्या, एकानं मांजरं, आणि दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याला इंग्लिश सबटायटल वाचून बीबीचे, म्हणजे शेजारच्या मुलीचे, संवाद द्या, वाचायचा कंटाळा असलेली पोरंही इथे झटकन वाचतात.

रिमोट तुमच्याकडेच हवा. दोन-तीन ठिकाणी मुद्दाम थांबवा. पहिलं, हेरिंग मासे विकणाऱ्याची गाडी कुणी मोडली यावर, तिथे विचारा की मांजरांनी बघितलंय तर मग पेपरात छापायला काय हरकत आहे? पोरं भांडतात, "पण त्यांनी पाहिलंय ना!" मग पुरावा म्हणजे काय ते आपोआप निघतं, तिब्बेचीही अडचण हीच आहे की साक्षीदार सगळे चार पायांचे. श्मिट बाई स्वतः अ‍ॅमस्टरडॅमच्या 'हेट परोल' या पेपरात काम करायच्या, म्हणून असेल कदाचित, पेपरच्या ऑफिसची ही कटकट खोटी वाटत नाही. दुसरा थांबा थोडा जपून, एलमेट मांजरांशी क्रूरपणे वागतो ते येतं, घरात मांजर असलेलं पोर रडू शकतं, आधीच कानात सांगून ठेवा की मांजरांचीच बाजू जिंकणार आहे. सस्पेन्स गेला तर गेला. शेवटाकडे मात्र थांबवू नका आणि फार बोलूही नका, मिनूसनं परत मांजर व्हायचं की बाई राहायचं हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

सिनेमा संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून "काय शिकलात?" विचारणारे पालक असतात, प्लीज नको. त्यापेक्षा दोन उद्योग आहेत. विन्सेंट बाल हल्ली वस्तूंच्या सावल्यांवरून चित्रं काढण्यासाठी ओळखला जातो, तर संध्याकाळच्या उन्हात कपाची, काट्याची सावली कागदावर पाडायची आणि पेननं तिचं मांजर करायचं, पाच मिनिटांत जमतं. दुसरा, पुस्तकातल्या बऱ्याच मांजरांची नावं त्यांच्या ठिकाणावरून आहेत, शाळेतली, चर्चमधली, पेट्रोलपंपावरची. तसंच आपल्या बिल्डिंगच्या मांजरांना नावं द्यायची, मेडिकलवाली मनी, पार्किंगमधला बोका, आणि मग त्या रात्री पोरांनी बातम्या सांगायच्या, बोक्यानं आज काय पाहिलं. आमच्याकडे यात सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावानं बरंच काही बाहेर येतं, तेव्हा खिडक्या लावून घेतलेल्या बऱ्या.

थोड्या मोठ्या मुलांना पुस्तक हवं असेल तर डेव्हिड कोल्मर यांचा इंग्लिश अनुवाद 'द कॅट हू केम इन ऑफ द रूफ' या नावानं मिळतो. तो मोठ्यानं वाचताना मांजरांचे आवाज सिनेमात दिले होते तेच ठेवा, बदललेत तर पोरं लगेच पकडतात.